जुन्या वस्तूचा सौदा : बोलावे कसे, थांबावे कुठे

रब्बीचा माल घरात आला, हातात चार पैसे खेळू लागले, की शेतकऱ्याच्या घरी खरेदीची बोलणी सुरू होतात. कुणाला बैलाची जोडी बदलायची असते, कुणाच्या विहिरीवरची मोटर जळालेली असते, कुणी दोन-तीन वर्षे पैसे साठवून ट्रॅक्टरचा विचार करीत असतो. नव्याची किंमत ऐकली की माणूस बसल्या जागी गार होतो आणि पावले आपोआप जुन्या मालाकडे वळतात. यात कमीपणा काहीच नाही. निगा राखलेले जुने अवजार पुढे दहा वर्षे इमानाने काम करते, हे आपण सारे जाणतो.

पण वाचकहो, नव्या आणि जुन्या खरेदीत एक मोठा फरक आहे. नव्या वस्तूवर किंमत छापलेली असते. जुन्या वस्तूची किंमत कुठेच छापलेली नसते. ती दोन माणसांच्या बोलण्यातून ठरते. म्हणून तिथे घासाघीस होणारच, आणि ती व्हायलाही हवी. मात्र शहरातल्या बाजारात घासाघीस केली, तर तो दुकानदार पुन्हा भेटेल की नाही याचा भरवसा नसतो. आपला विकणारा आणि घेणारा एकाच पाणवठ्यावरचे, एकाच बाजाराचे, पुष्कळदा एकाच सोयरिकीतले असतात. आज तुम्ही त्याची मोटर घेता, उद्या तुमची पाइपलाइन त्याच्या बांधावरून न्यायची असते. सौदा एका दिवसाचा असतो, बांध जन्माचा असतो. म्हणूनच भाव करताना चार पैसे वाचवावेत कसे आणि माणूस राखावा कसा, या दोन्ही गोष्टी आज बोलूया.

आधी बघा, मग बोला

पुष्कळांना एक खोड असते. वस्तू पाहण्याआधीच, किंवा फोनवरच, "शेवटचे किती द्यायचे?" असे विचारून मोकळे होतात. ज्याने माल पाहिलाच नाही, त्याच्या तोंडच्या भावाला काय किंमत? विकणाराही मग मनातला खरा आकडा सांगत नाही. तो वर चढवून सांगतो, कारण पुढे पाडापाडी होणार हे त्याला ठाऊक असते.

खरी रीत अशी. वेळ ठरवून उजेडी जावे. जाताना एक जाणता माणूस बरोबर घ्यावा. ट्रॅक्टर असेल तर मिस्त्री, मोटर असेल तर मोटर भरणारा कारागीर, बैल असेल तर ज्याच्या दावणीला आयुष्यभर गुरे राहिली असा कुणी जाणकार. पाच-सहा जणांचा घोळका मात्र नेऊ नये. विकणाऱ्याच्या दारात गर्दी करून त्याला दबावाखाली आणणे हे बरे दिसत नाही, आणि पाच तोंडे पाच दिशांना बोलू लागली की सौदाही बिघडतो. चहा-पाणी आले तर घ्यावे. चहा घेतला म्हणजे माल घेतलाच पाहिजे असा कुठे नियम नाही.

ट्रॅक्टर पाहताना इंजिन थंड असताना चालू करून पाहावे. आपण जाण्याआधीच मालकाने गरम करून ठेवले असेल, तर तासभर बसून थांबावे. चालू झाल्यावर निळसर धूर सतत येत असेल, तर इंजिन ऑइल जाळते असे समजावे. रिंगा आणि लायनरचे काम निघण्याचा संभव असतो. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, तर तिथेच सावध व्हावे. लिफ्टवर नांगर उचलून इंजिन बंद करावे. नांगर लगेच खाली येऊन टेकला, तर हायड्रॉलिकमध्ये दोष आहे. तासांच्या मीटरवर एकट्यावर विसंबू नये. मीटर बदलता येते. क्लच-ब्रेकच्या पायट्या किती झिजल्या आहेत आणि स्टेअरिंगला किती मोकळीक आहे, यावरून वापर समजतो.

मोटर घेताना ती किती वेळा भरली, आणि तार तांब्याची की ॲल्युमिनियमची, हे विचारावे. पाण्यावर चालवून तिन्ही फेजवरचा करंट मोजून घ्यावा. तो एकसारखा असावा आणि नावपाटीवर लिहिलेल्या अँपिअरपेक्षा जास्त नसावा.

बैलाचे दात पाहावेत हे सांगायला नको. दोन दाती बैल साधारण दोन-अडीच वर्षांचा आणि आठही दात आलेला जुळलेला बैल साडेचार-पाच वर्षांच्या पुढचा असतो. त्यानंतर वय सांगताना दातांच्या झिजेवरच भागवावे लागते. पण नुसत्या दातांवर भुलू नये. कठीण जमिनीवर चालवून पाय पाहावेत, खांद्यावरची जुनी जखम हाताने चाचपावी, शिंगाच्या मुळाशी हात लावून पाहावे. शिंगाचा कर्करोग आपल्या बैलांत आढळतो. बैल एका बाजूला मान कलती धरीत असेल, तर पशुवैद्यकाला दाखविल्याशिवाय सौदा करू नये. शक्य असेल तर औताला जुंपून दोन तास घालून पाहावेत. दुभते जनावर असेल, तर एकाच धारेवर विश्वास ठेवू नये. आदल्या वेळचे दूध कासेत तुंबवून ठेवलेले असू शकते. लागोपाठ दोन-तीन वेळा धार काढून पाहावी, चारही सड तपासावेत.

अशी पाहणी करणे म्हणजे विकणाऱ्यावर अविश्वास दाखविणे नव्हे. शहाणा विकणारा स्वतःच म्हणतो, "पाहुणं, चालवून बघा, मग बोला." जो चालवून पाहू देत नाही, त्याच्या दारातून उठावे हे बरे.

दोष दाखवावा, हिणवू नये

पाहणी झाली, दोष सापडले. आता ते सांगायचे कसे? काही माणसे भाव पाडण्यासाठी मालाची नालस्ती सुरू करतात. "हा कसला ट्रॅक्टर, हा तर खटारा", "ही म्हैस आहे की सांगाडा?" असे शब्द तोंडातून जातात. त्यांना वाटते, विकणारा खचेल आणि कमी भावाला तयार होईल. प्रत्यक्षात बहुधा उलटे घडते. ज्या बैलाने दहा वर्षे घर ओढले, ज्याला पोळ्याला पुरणपोळी भरविली, त्याला बाजारात कुणी मरतुकडा म्हटले, की मालकाचे काळीज दुखते. तो आकड्यावर अडून बसतो, किंवा म्हणतो, "जा, तुम्हाला विकायचाच नाही."

त्यापेक्षा दोष बोटाने दाखवावा आणि तेवढेच बोलावे. "अण्णा, मागची टायरे निम्मी झिजली आहेत. क्लच घसरतो. एवढा खर्च मला करावा लागेल." यात मालाचा अपमान नाही आणि माणसाचाही नाही. विकणाऱ्यालाही ते नाकारता येत नाही. आणि जे चांगले आहे त्याला चांगले म्हणावे. "इंजिनाची निगा चांगली राखली आहे तुम्ही," असे म्हटल्याने भाव वाढत नाही, मन मात्र मोकळे होते.

याच्या उलट टोकही आहे. वस्तू मनापासून आवडली असताना "तशी मला गरज नाही, सहज या वाटेने चाललो होतो," असे म्हणत घिरट्या घालायच्या. ताकाला जाऊन भांडे लपविण्यात काय हशील? गरज आहे हे खुशाल सांगावे, आणि आपल्याजवळ किती पैसे आहेत याचा अंदाज घरून काढून निघावे.

प्रत्येक रुपयाला कारण द्या

आपल्याकडे बाजारात एक प्रश्न ठरलेला असतो : "सांगायचे किती आणि द्यायचे किती?" म्हणजे दोन किमती असतात हे दोघांनाही मान्य असते. मात्र समोरच्याने आकडा सांगताच डोळे मिटून त्याच्या निम्म्याने मागणे ही घासाघीस नव्हे, ती थट्टा झाली. कमी करायचे त्या प्रत्येक रुपयाला कारण असावे.

एक उदाहरण मांडून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. आपापल्या गावचे दर मिस्त्रीकडून काढून घ्यावेत. समजा, ट्रॅक्टरची सांगितलेली किंमत ३,२०,००० रुपये आहे आणि चालू बाजाराशी ती जुळती आहे. मागच्या टायरांच्या नव्या जोडीला ४२,००० रुपये पडतात, क्लचच्या कामाला १४,००० आणि बॅटरीला ७,००० रुपये. बेरीज ६३,००० होते. घेणारा म्हणतो, एवढे सगळे कमी करा. हे न्यायाचे आहे का?

पूर्ण न्यायाचे नाही. टायरे निम्मी झिजली आहेत, म्हणजे निम्मी शिल्लकही आहेत. नवी टायरे घातली, तर ती पुढची कित्येक वर्षे तुमच्याच कामी येणार. त्यांचे सगळे पैसे विकणाऱ्याने का सोसावेत? म्हणून टायरांचे निम्मे, २१,००० रुपये धरावेत. बॅटरीचेही निम्मे, ३,५०० रुपये. क्लच मात्र आजच घसरतो आहे, त्याशिवाय नांगरट होणार नाही. ते १४,००० पूर्ण धरावेत. एकूण ३८,५०० रुपये झाले. मग किंमत येते २,८१,५००. घेणाऱ्याने पावणेतीन लाखांपासून बोलायला सुरुवात करावी, विकणाऱ्याने थोडे खाली यावे, आणि २ लाख ८० हजारांच्या आसपास हात मिळवावा. असा हिशेब कागदावर मांडून समोर ठेवला, की आवाज चढत नाहीत. रागलोभ शिरतो तो हिशेब नसतो तिथेच.

विकणाऱ्यानेही हेच पाळावे. पाडापाडी होणार म्हणून दीडपट किंमत सांगितली, तर सरळ गिऱ्हाईक पहिल्याच आकड्याला माघारी फिरते, आणि दारात उरतात ते फक्त दलाल. थोडीशी जागा ठेवून रास्त भाव सांगावा, आणि एका मर्यादेला ठाम राहावे.

अडलेल्याचा सौदा

आता या विषयातल्या सर्वांत नाजूक जागेकडे येतो. जुनी वस्तू माणूस दोन कारणांनी विकतो. एक तर त्याला नवी घ्यायची असते, नाहीतर तो अडलेला असतो. दवाखाना, मुलीचे लग्न, बँकेचा हप्ता, दुष्काळात न मिळणारा चारा. दुसऱ्या कारणाने विकणारा दारात आला, की गावाला ते आधीच कळलेले असते. अशा वेळी पुष्कळ जण थांबून राहतात. "अजून चार दिवस जाऊ द्या, आपोआप खाली येईल." अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण त्यांना तोंडपाठ असते.

माझ्या फिरतीच्या गावांपैकी एका गावातली गोष्ट. एका शेतकऱ्याला वडिलांच्या ऑपरेशनसाठी मोटर आणि पाइप तातडीने विकावे लागले. शेजारच्या बागायतदाराने ते घेतले. माल चांगला होता, भाव मिळाला निम्मा. बोलणी झाली दवाखान्याच्या आवारातच. कायद्याने यात काही चूक नव्हते. तीन-चार वर्षांनी त्याच बागायतदाराला नव्या विहिरीवरून पाइपलाइन आणायची होती, आणि जवळची वाट त्या शेतकऱ्याच्याच रानातून जात होती. तो एवढेच म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही भाव केला, आज मी करीत नाही. पाइप दुसरीकडून न्या." बागायतदाराने लांबचा वळसा घेतला. त्या वळशाला लागलेले पाइप आणि मजुरी, मोटरीत वाचलेल्या पैशांहून जास्त होती.

ही गोष्ट सूड घ्यावा म्हणून सांगत नाही. मऊ लागले म्हणून कोपराने खणू नये, एवढेच तिचे तात्पर्य. अडलेल्याकडून वस्तू घेण्यात पाप नाही. उलट त्याला वेळेवर रोख पैसे मिळणे ही मोठीच मदत असते. पण त्या वस्तूचा चालू बाजारभाव काय, हे मनाशी धरावे आणि दोषांचे तेवढे कमी करावेत. रोखीचे आणि घाईचे म्हणून थोडे कमी होणे समजू शकते. त्याच्या अडचणीचे पैसे कापू नयेत. आणि जमले तर हा सौदा दवाखान्याच्या दारात, चार लोकांदेखत न करता घरी बसून करावा.

अडलेल्या माणसानेही एक करावे. पहिल्याच गिऱ्हाइकापुढे सगळे दुःख मांडू नये. दोन-तीन ठिकाणी भाव काढावा, भाऊबंदांतल्या जाणत्याला बरोबर बसवावे. संकटात डोके ठिकाणावर नसते, तेव्हा दुसऱ्याचे डोके उसने घेण्यात शहाणपणच आहे.

विकणाऱ्याने किती सांगावे?

"त्याने विचारले नाही, मी सांगितले नाही." फसलेल्या सौद्यानंतर हे वाक्य हमखास ऐकू येते. गंमत अशी, की या वाक्याचा विचार आपल्या कायद्यानेही फार पूर्वी करून ठेवला आहे. १८७२ चा भारतीय करार कायदा आजही लागू आहे. त्याच्या १७ व्या कलमात फसवणूक म्हणजे काय हे समजावताना घोड्याच्या विक्रीची उदाहरणे दिली आहेत. घोड्यात खोड आहे हे विकणाऱ्याला ठाऊक आहे, तो लिलावात विकतो आणि गप्प राहतो. एवढ्याने ती कायद्याने फसवणूक ठरत नाही. पण घेणाऱ्याने म्हटले, की "तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा निर्दोष आहे असे मी धरतो," आणि तरीही विकणारा गप्प राहिला, तर त्याचे गप्प राहणे बोलण्यासारखेच धरले जाते. आणि बाप आपल्या नुकत्याच सज्ञान झालेल्या मुलीला घोडा विकत असेल, तर त्या नात्यामुळेच खोड सांगणे हे बापाचे कर्तव्य ठरते.

यातून घेणाऱ्याने एक शिकावे. दोन साक्षीदारांसमोर सरळ विचारावे : "काका, बैल मारका आहे का? औतात बसतो का? इंजिन कधी खोलले होते का? काही असेल तर आताच सांगा. गप्प राहिलात तर काही नाही असे धरतो." हे विचारायला लाजू नये.

आणि विकणाऱ्याने दुसरे शिकावे. कायदा गप्प राहण्याची सवलत देतो ती अनोळखी बाजारात. गावात आपण सारे कुणाचे तरी काका, मामा, मेहुणे असतो. ठाऊक असलेला दोष लपवून भाचीच्या नवऱ्याला ट्रॅक्टर विकला, तर न्यायालयात कुणी ओढणार नाही कदाचित. दिवाळीला मात्र तो पाहुणा दारात येणार नाही. दोष सांगितल्याने पाच-दहा हजार कमी येतात हे खरे. पण ज्याने एकदा स्वतःहून दोष सांगितला, त्याच्या बाकीच्या बोलण्यावर माणूस न तपासता विश्वास ठेवतो. पुढच्या वेळी त्याच्या दावणीचा बैल बाजार पाहण्याआधीच विकला जातो.

रुमालाखालचा भाव

जनावरांच्या काही बाजारांत आजही रुमालाखाली भाव होतो. दोघांचे हात उपरण्याखाली जातात. एक बोट धरले तर एक, दोन धरली तर दोन, पूर्ण पंजा धरला तर पाच. हजार की शेकडा ते तोंडाने सांगतात. खुणा बाजारागणिक थोड्या वेगळ्या असतात.

या रिवाजात एक शहाणपण आहे हे मान्य करायला हवे. भाव तिसऱ्याला ऐकू येत नाही, त्यामुळे सौदा मोडला तरी त्या जनावराचा भाव बाजारात पडत नाही, आणि देणाऱ्या-घेणाऱ्याची शोभा होत नाही. पण रुमालाखाली हात कुणाचा आहे, हे महत्त्वाचे. मध्ये दलाल असेल, ज्याला आपल्याकडे हेडी म्हणतात, तर तो एकाच्या हातात एक आकडा आणि दुसऱ्याच्या हातात दुसरा आकडा देऊ शकतो. मधली रक्कम कुठे जाते हे सांगायला नको. बाजार समित्यांत शेतमालाचा उघड लिलाव असतो, तो अशाच झाकल्या व्यवहारांना आळा बसावा म्हणून.

दलाल घ्यायचाच असेल, तर त्याची दलाली किती आणि ती कोण देणार हे आधी मोकळेपणी ठरवावे. आणि सौदा पटल्यावर, पैसे मोजण्याआधी, ठरलेला आकडा मालकाने आणि गिऱ्हाइकाने एकमेकांच्या तोंडून मोठ्याने ऐकावा. प्रामाणिक दलालाला याचा राग येत नाही.

शब्द आणि विसार

घासाघीस कुठे संपते? हात मिळाला तिथे. त्यानंतरचे नियम कुठल्या पुस्तकात नाहीत, पण जुनी माणसे ते काटेकोर पाळीत.

एक, दुसऱ्याची बोलणी चालू असताना मध्ये तोंड घालू नये. तो उठून गेला की मग बोलावे. वरचढ भाव सांगून हातातोंडाशी आलेला सौदा फोडणारा माणूस त्या दिवशी वस्तू मिळवतो आणि वैरही मिळवतो.

दोन, शब्द दिल्यावर दुसऱ्या कुणी पाच हजार जास्त देऊ केले, तरी विकणाऱ्याने फिरू नये. तसेच घेणाऱ्याने रात्री घरी जाऊन विचार करावा आणि सकाळी पैसे देताना "दोन हजार कमी घ्या" म्हणावे, हेही तितकेच वाईट. ठरल्यानंतर नवा दोष निघाला, तरच पुन्हा बोलणी काढावी.

तीन, विसार दिला-घेतला तर त्याची चिठ्ठी करावी. ठरलेली किंमत, दिलेली रक्कम, उरलेली रक्कम किती तारखेपर्यंत द्यायची, त्या तारखेला पैसे आले नाहीत तर विसार बुडणार की परत मिळणार, आणि विकणारा फिरला तर काय, हे चार ओळींत लिहावे. दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. नातेवाईक असले तरी लिहावे. लिहिलेल्या चिठ्ठीने नाते तुटत नाही. "मी तसे म्हणालोच नव्हतो" या वाक्याने तुटते.

चार, घ्यायचे नसेल तर स्पष्ट सांगावे. "उद्या कळवतो" म्हणून महिनाभर माणसाला टांगून ठेवू नये. "माल चांगला आहे, माझ्या आवाक्यात नाही," एवढे म्हणून राम राम करावा. त्यात मान जात नाही.

कागद केल्याशिवाय चावी नको

बैलाच्या सौद्यात दावे हाती दिले की व्यवहार पुरा झाला असे आपण मानतो. ती सवय ट्रॅक्टरला आणि मोटारसायकलला लावणे महागात पडते. मोटार वाहन कायद्यानुसार विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात विकलेल्या वाहनाची खबर १४ दिवसांत, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला द्यायची असते. त्यासाठी २९ आणि ३० नंबरचे फॉर्म असतात. वाहनावर बँकेचा बोजा असेल, तर बँकेचा दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म देऊन तो आधी उतरवून घ्यावा लागतो. चेसिस आणि इंजिनाचा नंबर नोंदणी पुस्तकाशी स्वतः ताडून पाहावा. विमाही आपल्या नावावर करून घ्यावा.

विकणाऱ्याला वाटते, पैसे मिळाले, आता नावाचे त्याचे तो बघेल. तसे नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात स्पष्ट केले, की नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जाईल. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक बऱ्याच जणांच्या हाती गेली होती, तरी जबाबदारी आली नोंदणीतल्या नावावर. म्हणजे तुम्ही विकलेल्या ट्रॅक्टरचा चार वर्षांनी उसाच्या रस्त्यावर अपघात झाला, तर समन्स तुमच्या दारात येऊ शकते. म्हणून शेवटचे दहा-वीस हजार नाव बदलल्यावर द्यायचे-घ्यायचे, असे ठरविणे दोघांच्याही हिताचे.

आणखी एक सांगतो, कारण हे माझ्या खात्याचे आहे. सरकारी अनुदानावर घेतलेले अवजार ठराविक मुदतीपर्यंत विकायचे नाही, अशी अट आपण सही केलेल्या हमीपत्रात असते. योजनेतून मिळालेला सौर पंपही विकण्यासाठी नसतो. असा माल कितीही स्वस्त मिळाला, तरी त्याला हात लावू नये. जनावर घेताना त्याच्या कानातला बारा अंकी बिल्ला पाहावा, तो नंबर पावतीवर लिहून घ्यावा. वाटेत कुणी विचारले तर ती पावतीच तुमची साक्ष असते.

घरातल्यांचा शब्द

शेवटी घराविषयी. शेळी, गाय, म्हैस यांचे शेण, पाणी, धार पुष्कळ घरांत बाईच्याच हातची असते. कोणते जनावर कधी आटते, कोणते लाथ मारते हे तिलाच ठाऊक. तरी सौदा मात्र पुरुष ओट्यावर बसून करतात आणि तिला कळते ते दावे सोडताना. हे बरोबर नाही. विकण्याआधी तिला विचारावे. घेतानाही घरच्या बाईला बरोबर न्यावे. धार काढून पाहायची तर तिच्याइतका पारखी दुसरा कोण मिळणार?

आपल्याकडे पुष्कळ घरांत जनावर विकताना दावे देत नाहीत. घेणाऱ्याने नवे आणायचे असते. घरातली बाई जनावराला भाकरी घालते, हळदकुंकू लावते, मग ते दाराबाहेर पडते. घेणाऱ्याच्या दारातही त्याच्या पायांवर पाणी घालून ओवाळतात. अशा वेळी घेणाऱ्याने दोन मिनिटे थांबावे. घाई करून कासरा ओढू नये. तुम्ही किंमत दिली आहे हे खरे, पण त्या घराने त्या जनावरासोबत काढलेल्या दिवसांची किंमत कुणी मोजलेली नसते.

तेव्हा शेतकरी बंधू-भगिनींनो, घासाघीस जरूर करा. आपला पैसा घामाचा आहे, तो उगाच का सोडावा? दोषाचे पैसे कापा, झिजेचे कापा, माणसाच्या अडचणीचे कापू नका. दिलेला शब्द फिरवू नका आणि कागद राहू देऊ नका. सौदा झाल्यावर आठवड्याने बाजारात तोच माणूस समोरून आला, आणि तुम्हा दोघांपैकी कुणालाही वाट बदलावीशी वाटली नाही, तर समजा, भाव बरोबर ठरला होता.